दोरीवरची सुरमई

सांगलीकडच्या ज्या गावात मी वाढलो तिथं पाणी दोनच ठिकाणी दिसायचं, आडात आणि उसात. त्यामुळे दुबईपलीकडच्या रास अल खैमाच्या समुद्रात, एका डुगडुगत्या फायबरच्या होडीत, पोटातला सकाळचा चहा दर्याला परत करत मी नेमकं काय करत होतो, असा प्रश्न बायकोनं विचारला तेव्हा तो रास्तच होता. माझ्याकडे उत्तर एकच होतं. माझ्या मित्राला लग्न करायचं होतं.

लग्नासाठी समुद्रात कशाला जावं लागतं, ते आता सांगतो. यात चूक माझीच आहे, म्हणून नीट पहिल्यापासून सांगतो.

गोष्ट नव्वदच्या दशकाच्या शेवटची. मी एका टाइल्सच्या कारखान्यात शिफ्ट सांभाळायचो. मित्र एका हॉटेलच्या स्टोअरमध्ये होता. राहायला आमच्याच बिल्डिंगमध्ये, तळमजल्यावरच्या बॅचलर खोलीत, आणि जेवायला दर शुक्रवारी आमच्याकडे. वसईचा ख्रिस्ती, पण समुद्राकाठचा नव्हे. घरची केळीची बाग आणि पानवेली. माणूस इतका सरळ, की त्याला पत्ते खेळायला बसवायची चोरी. हातात एक्का आला की चेहऱ्यावर दिसायचा.

त्याचं जमलं होतं तिथल्याच इस्पितळातल्या एका नर्सशी. तीही वसईची, तीही ख्रिस्ती. एक देव, एक तालुका, एक भाषा. मला वाटलं, चला, उद्या बँडबाजा. पण मी घाटावरचा, मला काय कळणार. ती कोळ्यांची होती आणि हा वाडीवाला, म्हणजे बागायतवाला. तिच्या घरात वाडीवाल्याला अजून कुणी पोरगी दिली नव्हती, आणि याच्या घरातही कोळीवाड्यातली सून कधी आली नव्हती. दोन घरांमध्ये अंतर सायकलवर जाण्याइतकं, पण ते कुणी गेलेलं नव्हतं.

"पळून जाऊ," असं मित्र एकदा म्हणाला. त्यावर ती म्हणाली, "मी आठ तास ड्यूटीवर पळते. आणखी पळणार नाही. पप्पा हो म्हणतील तेव्हा करू. नाही म्हणाले तर मी अशीच थांबेन, पण तूही थांब."

त्या वर्षी थंडीच्या सुरुवातीला तिचे पप्पा व्हिजिट व्हिसावर आले. आयुष्यभर स्वतःच्या बोटीचे नाखवा, आता बोट मुलांच्या हातात दिलेली. उंच, काळे, बोलणं कमी. मुलाला बघायला म्हणून त्यांना आमच्याकडे चहाला बोलावलं. मुलाकडचं वडीलधारं माणूस तिथं कोण? मी! वय वर्षं छत्तीस, आणि अक्कल तुम्हाला आता दिसेलच.

चहा झाला. चिवडा झाला. पंख्याकडे बघून झालं. शेवटी नाखवांनी मित्राला विचारलं, "दर्यावर कधी गेलायस?"

मित्र तोंड उघडून "नाही" म्हणणार होता. मला ते स्पष्ट दिसत होतं. आणि सगळं हातचं चाललं असं वाटून मी मध्ये उडी मारली.

"अहो, कधी काय विचारता! दर शुक्रवारी असतो दर्यावर. हातदोरीनं सुरमई मारतो!"

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मित्रानं जमिनीकडे पाहिलं. वडिलांबरोबर आलेली ती ओठ चावत खिडकीबाहेर बघायला लागली. हातदोरी हा शब्द मला तरी कुठून सुचला? आदल्याच आठवड्यात कारखान्यातल्या एका मलबाऱ्यानं त्याच्या भावाची काहीतरी गोष्ट सांगितली होती, त्यातला तो कानात राहिलेला होता.

नाखवांनी बशी खाली ठेवली. "हातदोरीनं? जाळ्यानं नाही, रॉडनं नाही?"

"छे! रॉडनं काय, कुणीही मारेल," मी म्हणालो.

"बरं," नाखवा म्हणाले. "मी नाताळच्या आधी परत जातोय. त्याच्या आत एक आण, पोरा. दोरीवरची. मार्केटमधली नको. मग बघू पुढचं काय ते."

ते गेल्यावर मित्र सोफ्यावर बसला. मग म्हणाला, "मला पोहायलाही येत नाही रे."

"होडीत कुठं पोहायचं असतं?" मी धीर दिला.

त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, जरा जोरातच ठेवला, आणि म्हणाला, "ठीक आहे. सुरमई म्हणालास ना? सुरमई आणू. तू पण येणार."

त्या क्षणापासून माणूस बदलला. हॉटेलच्या किचनला मासे पुरवणाऱ्या एका माणसाला पकडून त्यानं सगळं विचारून घेतलं. जाड तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, आणला, पाइपाच्या तुकड्यावर गुंडाळला. सुरमईचे दात कात्रीसारखे, म्हणून टोकाला पोलादी तार आणि तिला गळ. आमिष म्हणून अख्खा तारला मासा गळाला असा शिवायचा की पाण्यात ओढताना तो जिवंत वाटला पाहिजे. होडी सावकाश चालवायची, दोरी मागे लांब सोडायची आणि बोटांवर धरून बसायचं. मासा लागला तर बोटांनाच कळतं.

हे सगळं ऐकून मला माझ्या मामाची ठासणीची बंदूक आठवली. मामा उसात रानडुकरं मारायला जायचा. दारू भर, चिंध्या कोंब, गजानं ठास, छर्रे घाल, पुन्हा ठास, टोपी बसव. मग एकच बार. तो चुकला की पुन्हा सगळं पहिल्यापासून, आणि तोवर डुक्कर निम्मं शेत खाऊन, ढेकर देऊन गेलेलं असायचं. हातदोरीचं तसंच. मासा एकदा सुटला की सगळी दोरी ओढून घ्या, गुंता सोडवा, नवा तारला शिवा, पुन्हा सोडा. मामानं उभ्या आयुष्यात एकच डुक्कर मारलं, तेही म्हणे आधीच आजारी होतं. ही माहिती मी मित्राला दिली नाही.

होडी मिळाली जवळच्या रम्स गावातल्या एका म्हाताऱ्या अरबाची. आम्ही त्याला हाजी म्हणायचो. तरुणपणी तो खजूर घेऊन गलबतानं मुंबईला यायचा, त्यामुळे हिंदी फर्डी बोलायचा, फक्त पन्नास वर्षं जुनी. त्याची एकच अट होती. शुक्रवार म्हणजे जुम्याचा नमाज. त्याच्या आत होडी किनाऱ्याला लागलीच पाहिजे. "मछली इंतजार करेगा, नमाज नहीं करेगा," असं त्यानं निघतानाच बजावलं.

पहिल्या शुक्रवारी माझं जे झालं ते वर आलंच आहे. पोट रिकामं झाल्यावर मात्र मला जरा हुशारी आली. मित्र मागच्या बाजूला दोरी धरून दगडासारखा बसला होता. डोळे पाण्यावर, ओठ घट्ट. बऱ्याच वेळानं त्याचं बोट आखडलं. "जरा धर," तो म्हणाला, "नुसती धर, थर्मासमधला चहा घेतो."

मी धरली. आणि लागला की मासा!

तो धक्का मी आयुष्यात विसरणार नाही. दोरी जिवंत झाली. मी ओरडलो, हाजी ओरडला, मित्राच्या हातातला चहा हाजीच्या पायावर सांडला, त्यामुळे हाजी पुन्हा ओरडला. पण मला आता कुणाची गरज नव्हती. दोरी ओढणं म्हणजे माझं बालपण! आडाचं पाणी मी वयाच्या आठव्या वर्षापासून ओढलेलं. हातावर हात, हातावर हात, असा लयीत ओढत सुटलो. हाजीसुद्धा म्हणाला, "शाबास, शाबास!" मासा होडीजवळ आला. चांदीचा पट्टा पाण्यात वळताना दिसला. केवढी ती! माझ्या मुलीएवढी तरी होती.

आता आडातून पोहरा काठाशी आला की काय करतात? उजव्या हातातला दोर सैल सोडतात, डावा हात पुढे करून पोहऱ्याचा कान धरतात आणि झोकात काठावर घेतात. हे सांगावं लागत नाही, हाताला माहीत असतं. माझ्या हातालाही माहीत होतं. सुरमई काठाशी आली, मी दोर सैल सोडला आणि दुसरा हात पोहऱ्याचा कान धरायला पुढे केला.

सुरमईनं एकदा मान झटकली आणि गळ मोकळा झाला.

मित्रानं विचारलं, "तू काय केलंस?"

"पोहरा घेतला," मी म्हणालो. खरं तेच होतं.

हाजीनं विचारलं काय झालं, मी त्याला हातवारे करून आड, पोहरा, काठ सगळं समजावलं. तो इतका हसला की त्याला इंजिन बंद करावं लागलं. मित्र हसला नाही. तो दोरी गोळा करत होता. गुंता सोडवला, नवा तारला शिवला, पुन्हा सोडली. परत मासा लागला नाही आणि नमाजाची वेळ झाली.

त्या रात्रीपासून गच्चीवर सराव सुरू झाला. मासा कधी ओढायचा आणि कधी सोडायचा ते हातात बसलं पाहिजे, असं मित्राचं म्हणणं. त्यासाठी मासा लागतो. मासा म्हणून मी! कमरेला दोरी बांधून मी बिल्डिंगच्या गच्चीवर डिश अँटेनांमधून पळायचो, आणि तो दुसऱ्या टोकाला. "सरळ नको पळूस, वळ!" तो ओरडायचा. "दमल्यासारखं कर! आता एकदम पळ!" दमल्यासारखं करायची मला वेगळी मेहनत पडत नव्हती. एकदा माझी मुलगी वर वाळत घातलेले कपडे काढायला आली.

"बाबा, व्हाय आर यू रनिंग?"

"मी मासा आहे बाळा."

"ओके," ती म्हणाली आणि कपडे घेऊन गेली. गल्फमधल्या पोरांना कशाचंच आश्चर्य वाटत नाही.

दुसऱ्या शुक्रवारी वारं सुटलं. शमाल सुटला की लाटा अशा उसळतात की हाजीसारखा माणूसही घरी बसतो. आम्ही रम्सच्या धक्क्यावर उभं राहून पांढरा समुद्र बघत राहिलो. मित्र म्हणाला, "पुढच्या शुक्रवारी." शेवटचाच शुक्रवार होता तो. त्यानंतरच्या सोमवारी नाखवांचं विमान.

त्याचा चेहरा बघून माझ्या डोक्यात पुन्हा एक कल्पना आली. माझ्या कल्पना अशाच, वाईट वेळ बघून येतात. तो चर्चला गेल्यावर मी एकटाच मासळी बाजारात गेलो आणि एक दणदणीत सुरमई घेतली. साठ दिरहम, म्हणजे सहाशेच्यावर रुपये! मी मोठ्यानं हिशोब केला तसा मासेवाला म्हणाला, "भाईसाब, रुपये में मत सोचो, बुखार आएगा." घरी आणून बाथरूममध्ये स्क्रू ड्रायव्हरनं तिच्या जबड्याला गळाचं भोक पाडत बसलो होतो, तेवढ्यात दारात बायको.

"हे काय चाललंय?"

"गळाची खूण करतोय."

"आज काय तारीख आहे? मार्गशीर्ष लागलाय! घट मांडलाय मी काल बाहेर!" तिचा आवाज खालच्या मजल्यापर्यंत गेला असावा. आमच्याकडे मार्गशीर्षात अंडंसुद्धा फ्रीजमध्ये राहत नाही. थंडीतल्या सगळ्या महिन्यांतून सुरमईच्या मागे लागायला मी नेमका हाच महिना निवडला होता. "तो मासा घेऊन आत्ताच्या आत्ता बाहेर! आणि तूही अंघोळ केल्याशिवाय आत येऊ नकोस!"

"अंघोळ बाथरूममध्येच करायची ना, मी आहेच इथं," असं मी म्हणायला नको होतं.

मासा बगलेत मारून मी तळमजल्यावर गेलो. मित्र चर्चमधून आला होता. मी अभिमानानं सुरमई पुढे केली, भोकही दाखवलं. त्यानं भोकात बोट घालून बघितलं. मला वाटलं, आता मिठी मारणार.

"ही कुणाला दाखवायची? त्यांना?" त्याचा आवाज बारीक झाला होता. "अरे, उद्या ते माझे सासरे होणार. जन्मभर त्यांच्या समोर जेवायला बसायचं मला. दरवेळी ताटात मासा आला की मला हीच दिसणार."

"पण मग नाहीच मिळाली तर?"

"तर नाही मिळाली असं सांगीन. पण आधी शुक्रवार तर येऊ दे."

सुरमई वॉचमनला दिली. त्यानं आणि त्याच्या गाववाल्यांनी दोन दिवस पार्टी केली आणि महिनाभर मला बघितलं की सलाम ठोकला. सगळ्या प्रकरणात माझा झालेला सन्मान तेवढाच.

गुरुवारी संध्याकाळी नर्सबाईंचा फोन आला. "उद्या पप्पा तुमच्याबरोबर येतायत. मी सांगितलं नाही, त्यांनीच ठरवलं. सारखे बाल्कनीत उभे राहून खाडीकडे बघत असतात." मग म्हणाली, "त्याला सांगा, मला मासा नकोय. मला ड्यूटीवरून आल्यावर चहा करून देणारा माणूस हवाय. पण पप्पांना काय हवंय ते पप्पांनाच माहीत."

मी हे सांगितलं तेव्हा मित्र गळ घासत होता. "चहा मी चांगला करतो," एवढंच म्हणाला आणि घासत राहिला.

शुक्रवारी पहाटे समुद्र तेल ओतल्यासारखा शांत होता. नाखवा होडीत चढले ते आमच्यासारखे नाही. आम्ही चढलो की होडी घाबरायची. ते चढले तर तिला कळलंसुद्धा नाही. हाजीनं त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि कुणीही न सांगता त्यांना स्वतःच्या शेजारी जागा दिली. दोघे म्हातारे हिंदीत बोलायला लागले, वारा, खडक, जुनी गलबतं. माझ्याकडे बोट दाखवून हाजीनं काहीतरी सांगितलं. नाखवा वळून म्हणाले, "पोहरा तूच घेतलास काय रे, घाट्या?"

"हो," मी म्हणालो.

"आज दोरीला हात लावू नको."

"पाण्यालासुद्धा लावत नाही," मी म्हणालो आणि दोन्ही हात स्वेटरच्या बाह्यांत घातले.

मित्रानं दोरी सोडली आणि बोटांवर धरून बसला. ऊन वर आलं. एक तारला नुसताच कुरतडला गेला. दुसरा गळावरून निसटून पडला. तो पुन्हा शिवायचा. शिवताना त्याची बोटं कापलेली दिसत होती. दरवेळी तो तारला शिवायला घेई तेव्हा नाखवांचीही बोटं मांडीवर हलत होती.

हाजीनं सूर्याकडे बघितलं. "खलास, हबीबी. जुमा."

"हाजी, थोडा और."

"नहीं. अल्ला का टाइम है."

"जाना तो है ही," मित्र म्हणाला. "आप किनारे की तरफ ही चलाओ. पर खाडी तक धीरे चलाओ. मैं दोरी नहीं निकालता. बस इतना करो."

हाजीनं दाढी खाजवली. वेळेचा अंदाज घेतला. "खाडी का मुँह तक. इन्शाल्ला," असं म्हणून त्यानं इंजिन मंद ठेवलं आणि होडी किनाऱ्याकडे वळवली. घरं दिसायला लागली. मग मशिदीचे मिनार दिसायला लागले. मी मनातल्या मनात नर्सबाईंना काय सांगायचं त्याची जुळवाजुळव करत होतो.

आणि दोरी सणकन ताणली!

मित्र उभा राहिला नाही, ओरडला नाही. त्यानं दोरी जाऊ दिली. बोटांतून सरसर जाऊ दिली, मग जरा आवळली, मग पुन्हा जाऊ दिली. गच्चीवर मी जेवढा पळलो होतो त्याच्या दसपट ती पळाली. थांबली. त्यानं ओढलं. पुन्हा पळाली. तंगूस त्याच्या तळव्यात रुतत होता. हाजीनं इंजिन बंद केलं, आणि मिनाराकडे बघत स्वतःशी काहीतरी पुटपुटला.

नाखवांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते. पुटपुटत होते, "सोड… सोड रे… आता घे. घे!" बहुधा त्यांना स्वतःलाही ते ऐकू येत नव्हतं. मित्राचा हात एकदा घसरला. त्याबरोबर म्हातारा ताडकन पुढे झाला आणि दोरीला हात घालायला गेला.

"अंकल, हात लावायचा नाही!"

मित्राचा असा आवाज मी त्यापूर्वी ऐकला नव्हता. हॉटेलमध्ये शेफ अंगावर ओरडला तरी हा "सॉरी" म्हणणारा माणूस. नाखवांचा हात हवेतच राहिला. मग त्यांनी तो मागे घेतला आणि ते खाली बसले.

ती जवळ आली. पाण्याखाली तोच चांदीचा पट्टा. आणखी थोडं. आणि तेवढ्यात त्या पट्ट्यामागून एक करडं, रुंद काहीतरी वर आलं. पाणी ढवळलं. दोरीला एक जबर हिसका बसला आणि मग ती एकदम हलकी झाली.

"मुशी," नाखवा म्हणाले. म्हणजे शार्क.

मला वाटलं संपलं. मित्रानं मात्र ओढणं थांबवलं नाही. दात आवळून, हातावर हात, तो ओढत राहिला आणि त्यानं जे होडीत घेतलं ती अर्धी सुरमई होती. डोकं, कल्ले, छातीचा चांगला वीतभर भाग. त्यामागचं सगळं मुशीनं विळीवर कापल्यासारखं साफ कापलेलं. गळ जबड्यात होता.

मला राहवलं नाही. "अहो, अख्खी होती! आम्ही सगळ्यांनी बघितली, हाजींनी पण…"

"तू गप्प बस," मित्र म्हणाला. मग नाखवांकडे वळला. हातातून रक्त येत होतं, ते त्यानं पँटला पुसलं. "अंकल, अर्धी आहे. आणि मी दर शुक्रवारी येत नाही. आजपर्यंत दोनदाच दर्यावर आलोय, आजचं धरून. आमची केळीची वाडी आहे, मला तेवढंच येतं. पण मला लग्न तिच्याशीच करायचं आहे. तुम्ही आज नाही म्हणालात तर मी पुढच्या वर्षी पुन्हा विचारीन."

नाखवांनी ती अर्धी सुरमई उचलली, कल्ला उघडून बघितला, गळ कुठं लागलाय ते बघितलं, आणि हाजीच्या खोक्यातल्या बर्फावर ठेवली. मग समुद्राच्या पाण्यात हात धुतले. हे सगळं अगदी सावकाश.

"घाट्या बोलला तेव्हाच कळलं होतं ते," म्हणाले. "तू बोलतोस का, तेवढं बघायचं होतं."

हाजीनं इंजिन पुन्हा सुरू केलं होतं. होडी आता नमाजासाठी सुसाट निघाली होती, आणि नाखवांना ओरडून बोलावं लागत होतं. आयुष्यातल्या सगळ्यांत नाजूक गोष्टी त्या माणसानं अशा ओरडून सांगितल्या.

"तुझा बाप आमच्या कोळीवाड्यात कधी आलाय काय?"

"नाही!"

"वाडीवाले येतात ते मासे घ्यायला! ओट्यावर उभे राहतात, घासाघीस करतात, जातात! घरात पाय ठेवत नाहीत, पाणी पीत नाहीत! आता मागणी घालायला यायचं म्हणजे घरात यावं लागेल! बसावं लागेल! आमच्या हातचं खावं लागेल!"

"येतील!" मित्र ओरडला.

"तू कोण सांगणारा? त्याला विचार! नाताळ झाला की मी घरीच आहे!"

एवढं बोलून ते हाजीकडे वळले आणि किनारा येईपर्यंत परत वारा, खडक आणि गलबतं सुरू झाली. सुरमईचं ते डोकं त्या दिवशी नर्सबाईंच्या फ्लॅटवर शिजलं. मार्गशीर्ष असल्यामुळे मला नुसता वास मिळाला. कोळी घरात डोक्याचा मान असतो, आणि नाखवांनी ते मित्राच्या ताटात वाढलं, असं नंतर कळलं.

पण खरी शिकार अजून बाकी होती, आणि ती संध्याकाळी झाली, बिल्डिंगखालच्या टेलिफोन बूथमध्ये. मित्राच्या दोन्ही तळव्यांना पट्ट्या, म्हणून कार्ड मी घातलं, नंबर मी फिरवला आणि रिसीव्हर त्याच्या कानाला लावून मीच उभा राहिलो. त्यामुळे वसईहून येणारा आवाज मला लख्ख ऐकू येत होता.

"कुठं? कोळीवाड्यात? मी? डोकं फिरलंय काय तुझं?"

"होय पप्पा, तुम्ही."

"आपल्या घरात आजवर कुणी…"

"म्हणूनच तुम्ही जायचं."

फोन आपटला. मी पुन्हा लावला. परत आपटला. मी परत लावला. कार्ड संपलं तशी मी पलीकडच्या ग्रोसरीत पळत गेलो आणि नवं आणलं. मित्र काचेला टेकून उभा होता, अजिबात न चिडता. वडील ओरडले की ओरडू द्यायचा. थांबले की हळूच पुढचं वाक्य. पुन्हा ओरडले की पुन्हा गप्प. सकाळी होडीत त्यानं हेच केलं होतं, आणि आता तर मधे यायला कुठली मुशीही नव्हती.

माझा हात भरून आला, मी रिसीव्हर दुसऱ्या हातात घेतला. या खेपेला फोन आपटला गेला नाही. मग वडील अगदी वेगळ्या आवाजात म्हणाले, "जाताना रिकाम्या हातानं कसं जायचं? त्यांना काय आवडतं?"

मित्रानं माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं. त्यानं पट्टी बांधलेला हात माझ्या तोंडावर ठेवला आणि फोनमध्ये म्हणाला, "आपली केळी न्या. चांगला अख्खा घड न्या. आणि पप्पा, बसा जरा वेळ. लगेच उठू नका."